‘आई, तुम्ही नुसतं धरून ठेवा’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी इंदिरानगरला राहते. वय 61. मुलगा अंबडला एमआयडीसीत आहे, त्याची बहुतेक दुसरी पाळी असते. सून पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. तिचं माहेर धुळ्याकडचं. आमचे हे संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर जातात आणि गप्पांत रमले की साडेआठशिवाय उगवत नाहीत. तेवढा वेळ आम्ही दोघीच घरात. आधी मी मालिका बघायचे, ती मोबाइल बघायची. पावसाळ्यात एकदा तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एक रिमोट माझ्या हातात दिला. खेळ कसला, तर एक लांबलचक कुत्रा, त्याला दोन्ही टोकांना तोंड! लाल तोंड तिचं, निळं माझं. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट व्हायची.

आता तशी मजा येत नाही. मला जरा वेळ लागतो. एकदा-दोनदा चुकलं की ती म्हणते, ‘आई, तुम्ही नुसतं धरून ठेवा, बाकी मी करते.’ फारच अडलं तर माझा रिमोट घेते, तेवढं पार करते आणि परत देते. आवाज चढवत नाही, तोंड वाकडं करत नाही, पण मी तिथे उगाच बसलेय असं वाटतं. हल्ली मीच ‘डोकं दुखतंय’ सांगून उठते. शेजारणी म्हणतात, या वयात कसले पोरखेळ. बाकी सून गुणाची आहे. पोळ्या तेवढ्या जाड होतात, म्हणून त्या मी तिला करू देत नाही. तिला न दुखवता सांगू कसं? की सोडूनच देऊ?

– एक सासू, इंदिरानगर, नाशिक

ताई, नमस्कार.

सोडायचं नाव काढू नका. शेजारणींचं आधी उरकून टाकते. ज्या बायका रोज मालिकेतल्या सुनेचे हुंदके मोजत बसतात, त्यांनी स्वतःच्या सुनेबरोबर खिदळणाऱ्या बाईला वय शिकवू नये. झालं, तो विषय संपला.

तुम्ही खेळाचं नाव लिहिलेलं नाही, पण लाल-निळ्या तोंडांवरून तो ‘फॉग्ज’ असणार. बिट लूम गेम्स नावाच्या छोट्या स्टुडिओचा, 2020 च्या डिसेंबरात आलेला. खाऊची दुनिया, झोपेची दुनिया आणि खेळाची दुनिया, अशा तीन दुनियांतून या कुत्र्याला न्यायचं. मारामारी जवळजवळ नाहीच, वाचायला फारसं काही नाही, आणि पडलात तरी लगेच जवळच पुन्हा उभे. सुनेने खेळ विचार करून निवडलाय, एवढं तिला द्यायला हवं. गोळीबाराचा खेळही लावू शकली असती.

आता ‘नुसतं धरून ठेवा’ याबद्दल. या कुत्र्याला करता येतं काय, तर चावून धरायचं, अंग ताणायचं आणि भुंकायचं. पाण्याचं कोडं आठवा. एका तोंडाने पाण्याची नळी चावून धरायची, पाणी पोटातून जातं आणि दुसऱ्या तोंडातून फवारा निघतो. नेम धरणारं तोंड सगळ्यांना दिसतं, टाळ्या त्यालाच मिळतात. पण नळीवरचा चावा सुटला की फवारा बंद. दरी ओलांडतानाही तसंच: एकाने खुंटी घट्ट धरायची, दुसऱ्याने अंग ताणून पलीकडे पोचायचं, तिथलं काही पकडायचं, मग पहिल्याने सोडायचं. इथे ‘सोडायचं कधी’ हाच सगळा खेळ आहे. घाईने सोडलंत तर दोघीही खाली.

तेव्हा तिने ‘धरून ठेवा’ म्हटलं की दर वेळी वाईट वाटून घेऊ नका. स्वतःलाच विचारा, मी आत्ता सोडलं तर काम बिघडेल का? बिघडत असेल, तर तुम्ही खेळताय, आणि अर्धा खेळ तुमच्याकडे आहे. काहीच बिघडत नसेल, म्हणजे तुम्हाला कुठेतरी खांबाला चावायला लावून ती एकटीच इकडे-तिकडे हुंदडतेय, तर मात्र तुमची तक्रार खरी. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, दोन्ही प्रकार होत असणार आणि मन दुखावल्यावर तुम्हाला ते वेगळे दिसेनासे झालेत.

रिमोट काढून घेणं ही मात्र साफ चूक आहे. त्याला दुसरी बाजू नाही.

ती असं का करते, हे पाहू. पहिलं कारण खेळातच आहे. हा कुत्रा एकट्यालाही चालवता येतो; एकाच कंट्रोलरवर (म्हणजे तुम्ही ज्याला रिमोट म्हणता त्यावर) दोन अंगठ्यांनी दोन तोंडं. ती दुपारच्या चहाच्या वेळेत एकटी खेळून बसलेली असेल, तर तुमच्या निळ्या तोंडाने काय करायचं हे तिच्या डाव्या की उजव्या अंगठ्याला आधीच पाठ आहे. उत्तर माहीत असताना दुसऱ्याला चाचपडताना बघत बसणं कठीण असतं, हात शिवशिवतात. विचारून बघा तिला, ‘तू हे आधी खेळलीयेस का गं?’ हो म्हणाली, तर पुढच्या भागापासून नियम करा: जो भाग दोघींनी पाहिलेला नाही, तोच एकत्र खेळायचा. दोघींनाही कोडं नवं असलं की तिच्या हातात फक्त चपळाई उरते. आणि कोडं सुचायला चपळाई लागत नाही. काय सांगावं, नळी कुठे लावायची ते आधी तुम्हालाच दिसेल.

दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. मी स्वतः भाच्यांबरोबर असले खेळ खेळते आणि दोन माणसं खेळताना किती आरडाओरडा होतो ते मला ठाऊक आहे. ‘धर! धर! अरे सोड ना! आत्ता! गाढवा!’ या भाषेत हे खेळ चालतात. नवऱ्याबरोबर खेळताना तुमची सूनही असंच ओरडत असेल. तुमच्यावर कशी ओरडेल? तिला म्हणावं लागतं, ‘अहो आई, आता जरा ते पकडता का?’ एवढं वाक्य आदरासकट पूर्ण होईपर्यंत कुत्रा दोनदा दरीत गेलेला असतो. मग पोर काय करेल? सासूला ‘धर’ म्हणता येत नाही, ‘धरा हो आई’ म्हणायला वेळ नाही, म्हणून ती गुपचूप तुमचा रिमोट घेते आणि काम उरकते. तुम्हाला वाटतं ती तुम्हाला कमी लेखते; मला वाटतं ती मान राखतेय, फक्त तो नको त्या जागी राखला जातोय.

याला उपाय सोपा आहे आणि तो तुम्हीच काढू शकता, तिला काढता येणार नाही. उद्या बसताना सांगून टाका: ‘हे बघ, खेळ चालू असेपर्यंत मी आई नाही, मी निळा. मला निळ्याच म्हणायचं.’ मग ती बिनधास्त ओरडेल, ‘निळ्या, धर! निळ्या, सोड!’ आणि तुम्ही ओरडा, ‘लाल्या, ओढ की!’ कुत्र्याला अरे-तुरे केलेलं चालतं, त्यात कुणाचा मान जात नाही. पहिल्या दिवशी ती लाजेल. तुम्ही आधी ओरडा. सासूने ‘लाल्या, मेल्या, झोपलास का?’ म्हटलं की सुनेचा संकोच किती वेळ टिकतो बघा. लॅपटॉप बंद झाला की पुन्हा अहो आई, काही बिघडत नाही. यजमान जॉगिंग ट्रॅकवरून लवकर परतले आणि दारातूनच त्यांनी हे ऐकलं, तर मात्र जबाबदारी माझी नाही.

नियम एकच ठेवा, फार नको: ज्याचा कंट्रोलर त्याच्याच हातात. अडलं तर तोंडाने सांगायचं, बोटाने टीव्हीवर दाखवायचं, नाचून दाखवायचं, पण हात लावायचा नाही. सांगण्याआधीही ‘सांगू का?’ असं विचारायचं आणि समोरची ‘थांब’ म्हणाली तर थांबायचं. तुम्ही आयुष्यात फुगड्या खेळला असालच. मंगळागौरीला एखादी दांडगी बाई आणि एखादी किरकोळ पोर समोरासमोर आल्या, तर दांडगीच वेग उतरवते, गुडघ्यात वाकते, हात घट्ट धरते. जोर आहे म्हणून दुसरीचीही फुगडी तिला एकटीला घालता येत नाही. सुनेला हे समजावायला तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही. श्रावणात तिला घेऊन फेर धरला असेल तर ती ते अंगाने जाणते.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. खेळ चालू असताना सांगू नका आणि डोकेदुखीचं निमित्त तर आजपासून बंद. (डोकं दुखतंय म्हटल्यावर ती बाम आणून देते की नाही? म्हणजे तिला खरं वाटतंय. खरं कारण तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.) सकाळी चहाच्या वेळी, सहज म्हणा: ‘अगं, मला तो खेळ आवडतो. पण तू माझं करून देतेस ना, मग मला मजाच येत नाही. मला पडू दे. दहा वेळा पडले तरी चालेल, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?’ एवढंच. ‘तू मला कमी लेखतेस’ हे वाक्य त्यात येऊ देऊ नका, कारण मग ती माफी मागायला लागेल, तुम्ही ‘नाही गं, तसं नाही’ म्हणायला लागाल, आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहील.

आता एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण पत्र मला पाठवलंत म्हणजे ऐकण्याची तयारी असणार. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की तिच्या पोळ्या जाड होतात म्हणून तुम्ही तिला करू देत नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तुम्हीही वाचा. पोळपाट तिच्यापुढून काढून घेताना तुम्हीही आवाज चढवला नसेल, तोंड वाकडं केलं नसेल. ‘राहू दे गं, मी करते’ एवढंच म्हणाला असाल.

कणीक घट्ट मळत असेल, किंवा कडा लाटायच्या राहून जात असतील. त्या रोज लाटल्याशिवाय सुधारणार नाहीत, आणि लाटायला तर तुम्ही देत नाही. यावर मी लांबण लावत नाही. फक्त याचा सौदा करू नका, ‘तू मला खेळू दे, मी तुला पोळ्या करू देते’ असलं काही बोलू नका. एखाद्या दिवशी नुसतं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसा. ताटात जाड पोळी आली तर गूळ-तुपाशी खा, मुलाने काही म्हटलं तर त्याच्याकडे एकदा बघा, आणि त्या दिवशी स्वतः काही बोलू नका. हळूहळू जमेल. आणि धुळ्याकडची मुलगी आहे, तिच्या हातची कळण्याची भाकरी कधी मागितलीत का? तिथे कदाचित तुम्हालाच उभं राहून बघावं लागेल.

बरं, खेळांकडे वळू. फॉग्ज सोडू नका, पण अधूनमधून दुसरे आणा. या जातीत प्राण्यांचेच खेळ भरपूर आहेत आणि सगळेच तुमच्यासाठी नाहीत.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती एका बदमाश हंसाला. ‘अनटायटल्ड गूज गेम’, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या हाउस हाउस या स्टुडिओचा, 2019 चा. दोघांनी एकत्र खेळण्याची सोय पुढच्या वर्षी, 2020 मध्ये, फुकट अपडेटमधून आली. इंग्लंडमधलं टुमदार खेडं, आणि तुम्ही तिथले हंस. पाळीव, पांढरे, आणि अतिशय त्रासदायक. हातात कामांची यादी असते: माळ्याच्या बागेत शिरा, त्याच्या किल्ल्या पळवा, त्याला भिजवा, त्याचं दाताळं तळ्यात बुडवा. नांदूर मध्यमेश्वरला जाऊन दुर्बिणीतून शांतपणे पक्षी बघणाऱ्यांना हा हंस सहन व्हायचा नाही. पण सासू-सुनेला छान. एकीने लांब जाऊन ‘हाँक’ करायचं, माळी तिकडे वळला की दुसरीने किल्ल्या उचलून पळायचं. उड्या नाहीत, दऱ्या नाहीत, मुख्य यादीला घड्याळ नाही, कुणी मरत नाही. माळ्याने पकडलं तर वस्तू हिसकावून घेतो, एवढंच, पुन्हा चोरायची. यादी इंग्रजीत असते, ती सून वाचून दाखवेल.

या हंसाचा आणखी एक फायदा आहे. तो एकट्यालाही खेळता येतो, आणि दुपारी सून मीटिंगमध्ये असताना तुम्ही नुसतं गावात हिंडून बघू शकता. यादी पूर्ण करायची नाही, कुणी बघत नाही. चालणं, पळणं, मान खाली घालणं, चोचीने उचलणं, ओरडणं. अंगठ्याला सवय लागायला याहून बरी जागा नाही. फॉग्जमध्ये तुम्हाला वेळ लागतो तो कोडं कळत नाही म्हणून नव्हे. अंगठा कुठे आहे हे बघायला तुम्ही मान खाली घालत असाल, आणि मान वर करेपर्यंत टीव्हीवरचं चित्र बदललेलं असतं. बटणं न बघता सापडू लागली की निम्मी अडचण जाते. ही सरावाने येणारी गोष्ट आहे, वय त्यात फक्त थोडे जास्त दिवस मागतं.

दुसरा, ‘पिको पार्क’. जपानी खेळ, दोघांपासून आठ जणांपर्यंत. मांजरांसारखी चिमुकली रंगीत चित्रं, किल्ली मिळवायची आणि सगळ्यांनी मिळून दारापर्यंत पोचायचं. चालणं आणि उडी, याखेरीज शिकण्यासारखं फार नाही. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे काही ठोकळ्यांवर आकडा लिहिलेला असतो: 2 लिहिलं असेल तर दोघांनी ढकलल्याशिवाय ठोकळा हलतच नाही. एकीने कितीही जोर लावला तरी उपयोग नाही. एकमेकींच्या डोक्यावर उभं राहून वर चढावं लागतं. सासूच्या डोक्यावर पाय देण्याची अशी अधिकृत संधी तुमच्या सुनेला दुसरीकडे मिळायची नाही. सावध करते एवढंच की काही ठिकाणी एक चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा दोघींचं मन थाऱ्यावर असेल त्या दिवशीच लावा.

रविवारी मुलगा घरी असेल, मिसळ खाऊन सुस्तावलेला असेल, तेव्हा त्यालाही पिको पार्कमध्ये घ्या. पण तो आला की शिकवायला बसणार, हे मी आत्ताच सांगते. त्याला मांजर द्या, मास्तरकी देऊ नका.

आणि हे दोन तूर्तास नको. ‘ब्रेड अँड फ्रेड’ नावाचा 2023 चा खेळ आहे: एका दोरीने बांधलेले दोन पेंग्विन बर्फाचा डोंगर चढतात. दिसायला फार गोंडस, म्हणून लोक फसतात. एकाचा पाय घसरला की दोघेही खाली, आणि खाली म्हणजे पार तळाशी, अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. सुटकेसाठी सोयी ठेवल्यात, सेटिंगमध्ये जाऊन मदत चालू करता येते, पण मुळात तो खेळ संयमाची परीक्षा बघायला केलाय. चांगल्या मित्रांची भांडणं होतात, तिथे सासू-सुनेची नको. दुसरा ‘कीवी’, 2021 चा. दोन किवी पक्षी टपाल कचेरीत कामाला असतात, चोचीने टोचून आणि अंग आपटून कळा दाबत तारा पाठवतात. कल्पना अशी की मला बघताक्षणी आवडली, पण तिथे घड्याळ चालू असतं आणि घड्याळ लागलं की तुमची सून पुन्हा ‘आई, द्या इकडे’वर येईल. दिवाळीनंतर बघा.

मोठे, चकाचक त्रिमितीय खेळ कुणी सुचवले तर एक गोष्ट तपासून घ्या. त्यात डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा आणि उजव्याने कॅमेरा फिरवायचा असतो. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त तेच अडतं. माणूस भिंतीकडे तोंड करून चालत राहतो. फॉग्जमध्ये कंट्रोलरवरच्या दोन्ही काठ्या (अंगठ्याने फिरवायच्या त्या छोट्या दांड्या) दोन तोंडांना वापरल्या जातात, त्यामुळे कॅमेरा तुम्हाला सांभाळावाच लागत नाही. तो खेळ तुम्हाला सुरुवातीला जमला, हसू आलं, त्यामागे हेही आहे.

आता जरा हाताचं. नवी माणसं कंट्रोलर फार आवळून धरतात आणि काठी टोकापर्यंत दाबून ठेवतात, जणू जोरात दाबलं की कुत्रा जास्त चालणार आहे. अंगठ्याचं मूळ दुखतं ते त्यानेच. हात मांडीवर उशी घेऊन टेकवा. थरथर सेटिंगमधून बंद करता येते, ती करा. ऐन वेळी हातात काहीतरी गुरगुरलं की माणूस दचकून बटण सोडतो. सुनेला आणखी एक बघायला सांगा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो बंद असेल तर टीव्ही आधी चित्र सजवत बसतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बटण दाबणं आणि कुत्र्याने चावणं यात किंचित वेळ जातो. तरुण हात नकळत जुळवून घेतो, नवख्या हाताला वाटतं आपलंच चुकलं. हे तुमच्या घरी होतंय असं मी म्हणत नाही, पण बघायला अर्धा मिनिट लागतो. आणि सोफ्यावर समोरची जागा कोणाची आहे? ती समोर आणि तुम्ही कडेला तिरक्या बसत असाल, तर आळीपाळी करा.

थांबायचं कधी, तेही ठरवा. घड्याळ लावण्यापेक्षा ‘एक भाग झाला की बंद’ हे बरं. अडकलात आणि यजमान आले, तर अडकलेल्या जागीच बंद करा. रात्री भाजी चिरताना तुम्हाला किंवा तिला अचानक सुचेल, ‘अगं, ते उलट्या बाजूने धरायला हवं होतं!’ तो आनंदही खेळाचाच भाग आहे. भाग पूर्ण करण्याच्या हट्टातच ते रिमोट हिसकावणं होतं, हे लक्षात आलं का तुमच्या? ती तुम्हाला हरवायला बघत नाही, तिला जेवणाच्या आधी तो भाग संपवायचा असतो. ती घाई काढून टाकलीत की बराच प्रश्न हलका होईल.

आणि ती एखाद्या संध्याकाळी म्हणाली की ‘आई, आज नको, डोकं दुखतंय’, तर खरंच दुखत असेल. दिवसभर तीही पडद्यासमोरच असते.

शेवटचं काम पैशाचं. आत्ता तुमच्या हातातला रिमोट तिचा आहे, किंवा मुलाचा. म्हणून तो घेताना तिला काही वाटत नाही. एखाद्या शनिवारी सुनेला घेऊन एम. जी. रोडला जा आणि स्वतःसाठी एक कंट्रोलर घ्या. पैसे तुम्ही द्या. निळा मिळाला तर निळा. हातात धरून बघा, दोन्ही अंगठे काठीपर्यंत आरामात पोचतात का, ते बघा. काही कंट्रोलर मोठ्या पुरुषी पंजांसाठी केल्यासारखे असतात. आपल्या लॅपटॉपला चालेल ना, हे सुनेला दुकानातच विचारून घेऊ द्या, आणि न चालल्यास बदलून मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. बिनवायरचा ऐटदार असतो, पण चार्जिंग करायचं लक्षात ठेवावं लागतं आणि ते तुमच्या घरात कोणाच्या गळ्यात पडेल हे मला दिसतंय. वायरचाच घ्या, स्वस्तही पडतो. फक्त वायर लांब बघा, दहा फूट तरी. नाहीतर सोफा टीव्हीच्या पुढ्यात ओढावा लागेल आणि यजमानांना जायला-यायला जागा उरणार नाही.